खाचेचा तळ का चमकू नये?

जुन्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या तोंडाशीच एक काळा रबरी पट्टा दिसतो. मेकॅनिक त्याला सरसकट फॅन बेल्ट म्हणतात. खालची पुली क्रँकशाफ्टची, वरची पाण्याच्या पंपाची आणि पंख्याची, बाजूची डायनॅमोची किंवा अल्टरनेटरची. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचं थंड राहणं आणि बॅटरीचं चार्ज होणं, दोन्ही या बोटभर रुंदीच्या पट्ट्याच्या जिवावर. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणारी पद्मिनी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण हौसेने गाडी सांभाळणाऱ्यांपुढे एक प्रश्न अजून येतोच: डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचा, तर पट्टा आणि पुली कोणती घ्यायची?

त्याआधी एक कोडं सोडवू. या पट्ट्याला पुलीत अडकणारे दात नाहीत, तरी तो सुटत कसा नाही?

पिठाच्या जुन्या गिरणीतला चपटा पट्टा आठवा. तो पुलीला धरतो निव्वळ घर्षणाने. पट्ट्याची एक बाजू ताणलेली असते, दुसरी सैल. या दोन ताणांतला फरक म्हणजेच पट्टा वाहून नेतो तो जोर. हा फरक किती वाढू शकतो, याचं गणित लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं. घर्षणांक ०.३ धरला आणि पट्टा अर्ध्या पुलीला वेढून गेला, तर ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या जेमतेम अडीच पट होऊ शकतो. त्यापुढे पट्टा घसरतो.

गाडीचा पट्टा मात्र खाली निमुळता असतो आणि पुलीच्या तशाच निमुळत्या खाचेत पाचरीसारखा रुततो. ताण त्याला आत ओढतो, खाचेच्या दोन्ही भिंती त्याला दाबून धरतात. खाचेचा कोन ३६ अंशांचा असेल, तर भिंतींवरचा दाब, आणि म्हणून घर्षणही, सव्वातीन पट होतं. ऑयलरच्या सूत्रात ही वाढ घातांकात जाऊन बसते, आणि अडीच पटीची मर्यादा कागदावर थेट वीस पटींच्या पुढे पोहोचते. रबर तेच, ताण तोच. बदलला तो फक्त आकार.

म्हणूनच जुनी पुली हातात आली की आधी खाचेचा तळ बघावा. तो मळकट, गंजकट असेल तर उत्तम. चकाकत असेल, तर पट्टा तळाला टेकतोय. भिंती झिजल्या आहेत किंवा पट्टा अरुंद आहे. पाचर तळाला टेकली की पाचर राहत नाही, उरतो तो गिरणीचा चपटा पट्टा. मग तो ओरडतो, तापतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. योग्य पट्ट्याची पाठ पुलीच्या काठाशी जवळपास समपातळीत येते आणि पोटाखाली मोकळी जागा राहते.

त्याहून नवल खाचेच्या कोनाचं. पट्टा वळला की त्याची पाठ ताणली जाऊन अरुंद होते आणि पोट दबून फुगतं. म्हणजे वळणावर पट्ट्याचा कोनच कमी होतो. पुली जितकी लहान, तितकं हे जास्त. म्हणून कारखान्यांतल्या ४० अंशांच्या पट्ट्यासाठी मोठ्या पुलीची खाच ३८ अंशांची, तर लहान पुलीची ३४ अंशांपर्यंत कापतात. पोटाला आडव्या खाचा असलेला पट्टा दिसला तर त्यांना दात समजू नये. त्या पकडीसाठी नसतात. पट्ट्याला लहान पुलीवर सहज वळता यावं, कमी तापावं, यासाठी असतात.

आता वेग. क्रँकची पुली १४० मिमी आणि अल्टरनेटरची ७० मिमी असेल, तर अल्टरनेटर दुप्पट वेगाने फिरतो: इंजिन ८०० फेऱ्यांवर रेंगाळत असताना १६००, आणि ५००० वर पळताना १०,०००. डायनॅमोला एवढा वेग झेपत नाही. त्यात वीज निर्माण करणारी तार फिरत्या भागावर असते, आणि अतिवेगात ती खाचांमधून बाहेर फेकली जाण्याचा धोका असतो. अल्टरनेटरमध्ये ती तार स्थिर असते, म्हणून त्याला लहान पुली चालते. सिग्नलला गाडी उभी असतानाही चार्जिंग मिळावं म्हणून ती लागतेही. पण डायनॅमोची मोठी पुली उचलून अल्टरनेटरला लावली, तर ट्रॅफिकमध्ये दिवे मंदावतात. उलट पुली फारच लहान घेतली, तर पट्ट्याचा वेढा कमी पडतो आणि तो लवकर चिरतो.

लांबी सगळ्यात शेवटी. अल्टरनेटर इंजिनाकडे सरकवून पुल्यांभोवती सुतळी फिरवावी. पट्टा न खेचता चढला पाहिजे, आणि ताण दिल्यावरही बोल्ट सरकायला थोडी जागा उरली पाहिजे. दुकानात मात्र विचारावं, पट्ट्यावरचा आकडा आतल्या घेराचा की बाहेरच्या? ८ मिमी जाडीच्या पट्ट्यात या दोन घेरांमध्ये सुमारे ५० मिमींचा फरक पडतो, मग पट्टा लहान असो वा मोठा. जाडीला दोन पायने गुणलं की झालं.

बसवताना तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत ना, हे सरळ पट्टीने तपासावं. सगळ्यात लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १० ते १३ मिमी लवला की पुरे. नवा पट्टा बसतो आणि ढिला होतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा बघावं. ओरडणारा पट्टा करकचून ताणला की तोही गप्प होतो, पण त्याची किंमत पाण्याच्या पंपाचं बेअरिंग मोजतं. खाच आणि पट्टा एकमेकांच्या मापाचे असतील, तर एवढ्या ताणाची गरजच पडत नाही.