संगीत नाटकातील कालोचित वाद्यसाथ

जुने संगीत नाटक ज्या काळात प्रथम रंगभूमीवर आले, त्या काळातील वाद्ये, त्यांची स्वरजुळणी व वादनपद्धती यांच्या आधारे त्याचा नव्याने प्रयोग करणे, असा या संज्ञेचा अर्थ आहे. पाश्चात्त्य देशांत ही दृष्टी मुख्यतः आरंभीच्या बरोक ऑपेराच्या [⟶ ऑपेरा] निमित्ताने विसाव्या शतकात विकसित झाली. मराठीत तिची सलग परंपरा निर्माण झालेली नाही. तथापि किर्लोस्करकालीन व गंधर्वकालीन नाटकांचे प्रयोग अद्याप होत असल्याने, ते कोणत्या साथीवर करावेत हा प्रश्न येथेही तितकाच महत्त्वाचा आहे.

क्लाउद्यो मोंतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा १६०७ मध्ये इटलीतील मांतोव्हा येथे सादर झाला व त्याची स्वरलिपी १६०९ मध्ये व्हेनिस येथे छापली गेली. तिच्या आरंभी तीसहून अधिक वाद्यांची यादी दिलेली आहे. त्यांत हार्पसिकॉर्ड, लांब मानेची बीनसदृश तंतुवाद्ये, लाकडी नळ्यांचे लहान ऑर्गन आणि जिभाळ्यांचा कर्कश आवाज असलेला ‘रीगल’ यांचा समावेश होतो. पाताळलोकाचा नावाडी गातो तेव्हा त्याला रीगलची साथ द्यावी, अशी सूचनाही तीत आहे. म्हणजे वाद्याचा ध्वनी हाच नेपथ्याचा एक भाग होता. पुढील काळात ही वाद्ये प्रचारातून गेली. १९०४ मध्ये पॅरिस येथे व्हँसां दँदी यांनी हा ऑपेरा पुन्हा ऐकविला, तो संक्षिप्त स्वरूपात व आधुनिक वाद्यांवर. आउगुस्ट व्हेंत्सिंगर यांचे १९५५ चे ध्वनिमुद्रण आणि निकोलाउस हार्नोनकुर्ट यांचा झुरिक येथील १९७५ चा प्रयोग यांनंतर मात्र जुन्या वाद्यांचा आग्रह सर्वमान्य झाला. या स्वरलिपीत गायनाखाली बहुतेक ठिकाणी केवळ खर्जाची एक ओळ लिहिलेली आहे. तीवरील भरणा वादकाने शब्दांचा अर्थ व गायकाचा श्वास पाहून जागच्या जागी करावयाचा असतो. मराठी साथीदाराला यात अपरिचित असे काही वाटणार नाही.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. विष्णुदास भावे यांच्या नाटकांत (१८४३ पासून) गायनाचा भार सूत्रधार व त्याच्या साथीदारांवर होता. किर्लोस्करांनी तो पात्रांवर सोपविला. त्यांच्या नाटकांतील साकी, दिंडी, कामदा यांसारख्या रचना गाणे व बोलणे यांच्या सीमेवर उभ्या आहेत. मोंतेव्हेर्दीच्या काळातील गेय संवादांशी त्यांचे नाते दूरचे असले, तरी दोहोंची गरज एकच : शब्द झाकणार नाही अशी पातळ, लवचीक साथ. किर्लोस्करांच्या काळी ती मुख्यतः सारंगी व तबला यांची असे. सारंगीच्या तीन मुख्य तारा आतड्याच्या असतात आणि त्यांखाली पस्तीस-चाळीस तरफा झंकारतात. वादक नखांच्या मुळाशी तार दाबून गळ्यातील मींड जशीच्या तशी उचलतो. पुढे पेटी व तिच्या मागोमाग पायाने भाता चालवावयाचा ऑर्गन आला. गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना १९१३) वैभवाच्या काळात ऑर्गन, सारंगी व तबला अशी तिहेरी साथ रूढ झाली. कादरबक्ष यांची सारंगी, अहमदजान तिरखवाँ यांचा तबला व हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन ही नावे बालगंधर्वांच्या गायनापासून वेगळी काढता येत नाहीत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘जुनी साथ’ म्हणून आज सर्रास ऑर्गन पुढे केला जातो. पण ‘सौभद्र’ (१८८२) नाटकाला तो कालोचित नव्हे, ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाला तो कालोचित आहे. दोन्ही नाटके एकाच साच्यात बसविल्याने पहिल्याचा मूळ नाद हरवतो. हा केवळ इतिहासाचा काटेकोरपणा नाही. ऑर्गनचे स्वर कारखान्यात सप्तकाचे बारा समान भाग करून जुळविलेले असतात. त्यांतील शुद्ध गंधार हा स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सप्तकाचे १,२०० सेंट मानल्यास) चढा असतो, आणि सारंगीचा गंधार वादक हवा तेथे ठेवू शकतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास श्रुतींच्या पेटीचा पाठपुरावा केला, तो याच अडचणीमुळे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदीही याच वादाचे फळ होय. मात्र ऑर्गनला केवळ दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या अखंड, भरदार सुरामुळे मोठ्या नाट्यगृहात गायकाला आधार मिळाला. गायकाने श्वास घेतला तरी नाद तुटत नसे. ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ ही आपल्या गायकांची बोली त्या पट्ट्यांनीच दिली. त्यापूर्वी सारंगी गळ्याप्रमाणे लावली जाई व प्रत्येक गायकाचा षड्ज त्याचा स्वतःचा असे.

जुन्या प्रयोगाची पुनर्रचना करताना पुरावा कोणता घ्यावयाचा, हा पुढचा प्रश्न. मोंतेव्हेर्दीची छापील स्वरलिपी उपलब्ध आहे. तिला प्रत्यक्ष ध्वनीचा आधार नाही. आपली स्थिती उलट आहे. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर राग, ताल व ‘चाल’ एवढाच निर्देश असतो, आणि ती चाल बहुधा तत्कालीन लोकप्रिय अशा दुसऱ्या एखाद्या गाण्याची असते. ते गाणे विस्मृतीत गेले, की निर्देश निरर्थक होतो. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले. भारतातील ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले. त्यांच्या आवाजाची केवळ वर्णनेच उरली आहेत. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका विपुल आहेत, परंतु तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत वाढत जाणारे पद तीत आटोपशीर झालेले असते. ध्वनिमुद्रिकेची हुबेहूब नक्कल म्हणजे कालोचित प्रयोग, असे समजणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावयास हवा.

म्हणून खरा आधार गुरुमुखाचा. पुण्याचे भरत नाट्य संशोधन मंदिर (स्थापना १८९४) आणि जयराम व जयमाला शिलेदार यांची ‘मराठी रंगभूमी’ (१९४९) या संस्थांनी जुनी नाटके प्रयोगात ठेवली, आणि कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) यांच्यापर्यंत ती गायकी कंठस्थ राहिली. गायकीचे वारस असे मिळाले. साथीचे त्या मानाने थोडे. नाटकाची सारंगी जवळजवळ थांबली आहे. पायाचे ऑर्गन बनविणारे पाश्चात्त्य कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक बंद पडले, त्यामुळे जुन्याच वाद्यांची डागडुजी करून काम भागवावे लागते. विद्युत् कळफलकावर ‘ऑर्गन’ चा आवाज निघतो खरा. पण भात्यावरील पायाच्या दाबाने सूर फुलविण्याची सोय त्यात सहसा नसते.

ध्वनिवर्धक हा साथीतील अदृश्य वाद्यच होय. ध्वनिवर्धकाविना गाणारा नट आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकत असे, आणि तबला व ऑर्गन त्या बेताने वाजत. सूक्ष्मध्वनिग्राहक आल्यावर हा तोल बदलला व गायन अधिक नाजूक, जवळून बोलल्यासारखे झाले. जुनी वाद्ये आणून त्यांपुढे ध्वनिवर्धक ठेवल्यास निम्मी मेहनत वाया जाते. याउलट, दोन-तीनशे प्रेक्षकांच्या सभागृहात ध्वनिवर्धकाशिवाय प्रयोग करणे शक्य आहे व तेथेच तो सुरू करावा.

या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा यांसारखी गावे मोठ्या शहरांहून सोयीची ठरावीत. अडचण हवेची आहे. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणला किंवा कुंडलिकाकाठच्या रोह्याला उत्सवाचे दिवस भाद्रपदात, ऐन दमट हवेत येतात. सारंगीचे कातडे त्या काळात सैल पडते, आतड्याच्या तारा फुगून उतरतात, ऑर्गनच्या लाकडी पट्ट्या अडकतात व तबल्याची शाई ओल धरते. वाद्ये आदल्या दिवशीच सभागृहात आणून ठेवणे, तबल्याच्या दोन जोड्या बाळगणे आणि प्रवेशांच्या मध्यंतरात सारंगी पुन्हा लावण्यास पाच मिनिटे राखणे हे त्यावरचे साधे उपाय होत. प्रयोग मार्गशीर्ष-पौषात ठेवल्यास यांतील बहुतेक त्रास उद्भवत नाही.