बांबूला संरक्षक द्रव्य लावावे की पाजावे?

भाजीपाल्याचा मांडव, कुंपण किंवा गोठ्याचे छत यांसाठी वापरलेल्या बांबूखाली काही महिन्यांतच बारीक पिवळसर पीठ पडू लागते. हे काम डायनोडेरस प्रजातीच्या भुंगेऱ्यांचे. साठवणीतील गहू पोखरणारा रायझोपर्था हा त्यांचा भाऊबंदच. दोन्ही बोस्ट्रिचिडी कुळातील, आणि दोघांनाही ओढ पिष्टमय पदार्थांची. यावर बहुतेक ठिकाणी ब्रशने औषध फासले जाते. त्यात पैसा व मजुरी खर्च होते. आत शिरलेल्या भुंगेऱ्याला मात्र फारशी बाधा होत नाही.

याचे कारण बांबूच्या रचनेत आहे. बाहेरील सालीत सिलिका व मेण असल्याने द्रव सहसा आत मुरत नाही. सागासारख्या लाकडात आडव्या दिशेने जाणारे काष्ठकिरण असतात; बांबूत ते नसतात. त्याच्या वाहिन्या कांड्याच्या लांबीने उभ्या धावतात. म्हणून द्रवाला आत जाण्याची मुख्य वाट म्हणजे कापलेले टोक. भुंगेराही बहुधा तेथूनच, किंवा छाटलेल्या फांद्यांच्या व्रणांतून प्रवेश करतो.

ताजा बांबू उपलब्ध असेल, तर त्याला द्रावण पाजणे सर्वांत सोपे. तोडल्यानंतर शक्यतो त्याच दिवशी, पानांसह, बुंध्याकडील टोक द्रावणाच्या पिंपात उभे ठेवावे. पानांतून बाष्पोत्सर्जन चालू असेपर्यंत द्रावण वर ओढले जाते. विलंब झाल्यास वाहिन्या बंद होऊ लागतात आणि ही संधी हातची जाते.

वाळलेल्या बांबूसाठी बुडवण हाच मार्ग. आतील पडदे लोखंडी सळईने आरपार छेदावेत, अन्यथा मधल्या कांड्यांत द्रावण पोहोचत नाही. बांबू तरंगू नयेत म्हणून वर वजन ठेवून आठवडा ते दहा दिवस ते बुडवून ठेवावेत. 100 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार व 2 किलो बोरिक आम्ल हे प्रमाण साधारणतः पुरेसे होते. बांबू नुसत्या पाण्यात मुरवण्याची जुनी रीतही निरर्थक नव्हे. तिने पिष्ट व शर्करा घटून भुंगेऱ्यांचा उपद्रव कमी होतो, परंतु वाळवी त्याने थांबत नाही.

बोरॉनची एक मर्यादा आहे. ते बांबूत पक्के बसत नाही, पावसाने धुपून जाते. त्यामुळे जमिनीत गाडायच्या खांबांना हा उपचार पुरत नाही. तेथे तांबे-क्रोम-बोरॉनसारखे स्थिरावणारे द्रव्य प्रशिक्षित व्यक्तीकडून भरून घ्यावे, किंवा खांब काँक्रीटच्या बैठकीवर मातीपासून वर उभे करावेत. मांडवासाठी मला दुसरा पर्याय अधिक शहाणपणाचा वाटतो.

ब्रशचे काम यानंतर येते. उपचारित बांबू सावलीत पूर्ण वाळल्यावर तेल किंवा वॉर्निशचा हात द्यावा, म्हणजे आतील बोरॉन धुपण्याचा वेग मंदावतो. उपचारानंतर बांबू पुन्हा कापला, तर नव्या टोकावर द्रावण अवश्य लावावे.

उरलेले द्रावण शेतात ओतू नये. बोरॉन हे पिकांचे सूक्ष्म अन्नद्रव्य खरे, पण गरज आणि विषबाधा यांतील अंतर फार थोडे असते. ते झाकून ठेवून पुढील खेपेस वापरावे.