ब्लूटूथ, प्रोसेसर आणि दोषाचा माग

संगणकातील ब्लूटूथचे काम दोन ठिकाणी विभागलेले असते : रेडिओलहरी सोडण्याचे आणि पकडण्याचे काम कंट्रोलर नावाची स्वतंत्र चिप करते, तर पकडलेल्या संदेशांचा अर्थ लावून ते योग्य प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवण्याचे काम मुख्य प्रोसेसरवर पडद्याआड चालणारी एक प्रक्रिया पाहते. लिनक्सवर तिचे नाव ‘ब्लूटूथ-डी’ असे असून त्यातला ‘डी’ हा ‘डीमन’चा, म्हणजे वापरकर्त्यासमोर न येता चालणाऱ्या प्रोग्रॅमचा निदर्शक आहे. एरवी ही प्रक्रिया जवळजवळ स्वस्थ असते. म्हणून तिने प्रोसेसरचा एखादा कोअर पूर्ण व्यापला, तर तिला कोणीतरी सतत कामाला लावत आहे, असे धरूनच तपास सुरू करावा.

पुण्यातील येरवड्यासारख्या परिसरात हा तपास विशेष महत्त्वाचा ठरतो. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या प्रकारात उपकरणे आपले अस्तित्व कळवणारे छोटे संदेश २० मिलिसेकंद ते १०.२४ सेकंद इतक्या अंतराने सोडत राहतात, आणि कॉमरझोनसारख्या आयटी संकुलाच्या एका मजल्यावर किंवा लक्ष्मीनगरमधील भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत असे इयरफोन, घड्याळे आणि मोबाइल एकमेकांच्या टप्प्यात दाटीने येतात. एकाच उपकरणाचे पुन्हा येणारे संदेश कंट्रोलरला स्वतःच गाळता येतात. मात्र एखाद्या प्रोग्रॅमने गाळणी बंद करून अखंड शोध मागितला, तर प्रत्येक संदेश प्रोसेसरपर्यंत जातो. शिवाय खासगीपणा जपण्यासाठी अनेक उपकरणे आपला पत्ता ठरावीक काळाने बदलतात, त्यामुळे जुनेच उपकरण नवे म्हणून नोंदले जाते.

लिनक्सवरील तपासात प्रथम ‘टॉप’ या आज्ञेने प्रक्रियांची यादी पाहतात. ‘ब्लूटूथ-डी’बरोबरच प्रोग्रॅमांमधील निरोपांची ने-आण करणारा ‘डी-बस’ही वर चढलेला असेल, तर शोध चालू असल्याचा संशय बळावतो, कारण शोधात आढळलेल्या उपकरणाच्या सिग्नलची तीव्रता बदलली की तो बदल या मार्गाने इतरांना कळवला जातो. मग ‘ब्लूटूथ-सीटीएल शो’ ही आज्ञा दिल्यावर ‘डिस्कव्हरिंग’पुढे ‘येस’ दिसले, तर संशय खरा ठरतो. ‘बीटीमॉन’ हे साधन कंट्रोलर आणि प्रोसेसर यांच्यातील देवाणघेवाण ओळीओळीने दाखवते : ‘ॲडव्हर्टायझिंग रिपोर्ट’च्या ओळी थांबतच नसतील, तर भार शोधाचा असतो, जोडणी होणे आणि तुटणे हाच क्रम फिरून फिरून येत असेल, तर कारण पूर्वी जोडलेल्या एखाद्या उपकरणात शोधावे लागते.

अशा वेळी मूळ प्रक्रियाच बंद करण्याचा मोह होतो, परंतु ती पुन्हा सुरू होताच शोध मागणारा प्रोग्रॅम तीच मागणी पुन्हा करू शकतो. त्यापेक्षा उघडी राहिलेली ब्लूटूथ सेटिंगची खिडकी आणि शोध घेणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद करावेत व प्रत्येक वेळी ‘टॉप’मधील आकडा पाहावा, ज्या प्रोग्रॅमनंतर तो खाली येईल, तोच शोध मागणारा असतो. जोडणी तुटत असल्यास ते उपकरण यादीतून काढून नव्याने जोडावे. दोन्ही उपाय फोल ठरले, तरच चिपच्या फर्मवेअरकडे, म्हणजे तिच्यात चालणाऱ्या आज्ञावलीकडे वळावे. हा क्रम पाळल्यास ब्लूटूथ कायमचे बंद ठेवण्याची वेळ सहसा येत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याला ‘बीटीमॉन’ची नोंद जोडून नेमकी तक्रार नोंदवता येते.