इंग्रजांनी उचललेले ‘लुटणे’

आपण कारंज्याचे आहोत असे सांगितले की परगावचा मनुष्य हटकून विचारतो, “घाडग्यांचे की लाडांचे?” वऱ्हाडातले ते लाडांचे कारंजे १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटले. त्याच वर्षी सुरतही दुसऱ्यांदा लुटली गेली होती. सुरतेस इंग्रजांची वखार होती; पण अशा प्रसंगाला ‘लूट’ हा शब्द तेव्हा त्यांच्या भाषेत नव्हता. त्यांचा शब्द ‘प्लंडर’, आणि तोही घरचा नव्हे. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात जर्मनांकडून आलेला.

‘लूट’ त्यांनी पुढे हिंदुस्थानात उचलली, ती हिंदीतून. इंग्रजी कोशांत तिची जुनी नोंद १७८८ ची आहे. मूळ अर्थात संस्कृत. कोणी ‘लुण्ट्’ म्हणजे लुबाडणे हा धातू सांगतात, कोणी ‘लुप्’ धातूपासून झालेला ‘लोप्त्र’ म्हणजे चोरीचा माल. क्रियापद म्हणून तो एकोणिसाव्या शतकात रुळला. चीनची युद्धे आणि १८५७ चा उठाव यांनंतर विलायतेत सर्वांच्या तोंडी झाला.

मात्र हा शब्द कोठे लावायचा, याचा विवेक पाहण्यासारखा आहे. शिपायाने परभारे घेतले तर ती ‘लूट’. तेच रीतसर जमा करून वाटले तर ‘प्राइझ’. १८५७ साली दिल्ली पडल्यावर त्यासाठी खास ‘प्राइझ एजंट’ नेमलेले होते. आणि ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आपला हा मुलूख होता, ते राज्य १८५४ साली गेले, त्यांच्या जडजवाहिराचा कलकत्त्यास लिलाव झाला. सरकारी भाषेत त्याचे नाव, वारसाअभावी राज्य खालसा होणे! कृत्य कोणाचे यावर नाव ठरते, हे येथे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. दसऱ्यास आपण सोने लुटतो, बोरन्हाणात पोरे बोरे लुटतात, जत्रेत आपण मौज लुटतो. यांत कोणाचे काही जात नाही. आणि संक्रांतीस सुवासिनी वाण लुटतात, म्हणजे काय करतात? देतात! घेण्याचे क्रियापद आपल्या बायकांनी देण्याचे केले. इंग्रजाच्या कानी शिपायाची बोली पडली, म्हणून त्याने घेण्याचा अर्थ तेवढा नेला. देण्याचा अर्थ त्याच्या कोशात नाही. तो आपल्या हळदीकुंकवातच राहिला आहे, आणि तो तेथे टिकवणे आपल्या हाती आहे.