घोगऱ्या आवाजाची डबी आणि वऱ्हाडातला उन्हाळा

इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की सामान्यतः स्वच्छ, गोल आवाज उमटतो. पण ऑर्केस्ट्रात तीच गिटार कधी कधी घोगऱ्या, करकरीत, जणू फाटलेल्या स्वरात गाऊ लागते. नीट पाहिले तर वादकाच्या पायाजवळ एक छोटी डबी दिसते. तिच्यावरील बटण पायाने दाबले की आवाज पालटतो. या डबीला ‘फझ पेडल’ म्हणतात. एक-दोन ट्रान्झिस्टर, मूठभर सुटे भाग आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढाच तिचा संसार. त्यामुळे गॅदरिंगचे दिवस जवळ आले की ती घरी जोडून पाहण्याचा मोह अनेकांना होतो.

जोडणी पूर्ण होते. पण पुष्कळदा डबी मुकीच राहते. मग ‘नशीब’ म्हणून ती कपाटात जाते. विद्यार्थी मित्रांनो, येथे नशिबाचा काही संबंध नाही. डबीत कोणत्या ठिकाणी किती व्होल्ट असायला हवेत हे आधी ठाऊक असेल, तर बिघाड आपला पत्ता स्वतःच सांगतो.

माथा कापलेली लाट

गिटारच्या तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे त्यात विद्युत्दाब निर्माण होतो. तो साधारण ०.१ व्होल्टच्या आसपास असतो. डबीतील ट्रान्झिस्टर तो अनेक पटींनी वाढवतो. समजा, वीसपट वाढवला. म्हणजे लाटेचा उंचवटा २ व्होल्टपर्यंत जायला हवा. पण वाटेत आपण सिलिकॉनचे दोन डायोड एकमेकांच्या उलट दिशेने जोडून ठेवले आहेत. ते ०.६ व्होल्टच्या वर लाट जाऊ देत नाहीत. लाटेचे माथे आणि खळगे दोन्ही सपाट होतात.

माथा कापल्याने आवाज घोगरा का व्हावा? गिटारच्या पाचव्या तारेची मूळ वारंवारता ११० हर्ट्‌झ आहे. गुळगुळीत लाट दोन्ही बाजूंनी सारखी कापली, की तिच्यात मुळात नसलेल्या ३३० आणि ५५० अशा विषम पटींच्या वारंवारता तयार होतात. एक डायोड काढून टाका. आता लाट एकाच बाजूने कापली जाते आणि २२०, ४४० या सम पटीही येऊन मिळतात. दोन तारा एकदम छेडल्या तर त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. म्हणूनच या डबीवर अनेक तारांचा झंकार गढूळ वाटतो, पण एकेक तार मात्र खुलून वाजते.

दोषातून जन्म

या आवाजाचा जन्म एका बिघाडातून झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रणेच्या एका भागात दोष निर्माण झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा स्वर फाटला. १९६१ साली गीत तसेच प्रसिद्ध झाले आणि लोकांना ते आवडले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच दोष ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवणारे मंडल बनवले. १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने दोनच ट्रान्झिस्टरचा ‘फझ फेस’ काढला. त्याच्या नकला आजही जगभर हौशी मंडळी जोडत असतात.

एका ट्रान्झिस्टरचे मंडल

सुरुवातीला सोपे मंडल घेऊ. बीसी ५४८ या ट्रान्झिस्टरचा एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. कलेक्टरपासून धन टोकापर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर, तर कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये २.२ मेगओहमचा. गिटारचा संदेश ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून बेसला द्या. कलेक्टरवरून तशाच दुसऱ्या कपॅसिटरमधून बाहेर घ्या. या बाहेरच्या टोकापासून ऋण टोकापर्यंत १एन ४१४८ जातीचे दोन डायोड उलटसुलट बसवा, आणि शेवटी आवाज कमी-जास्त करण्यासाठी १०० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल.

डबी मुकी असेल तर गिटार बाजूला ठेवा आणि मल्टिमीटर हाती घ्या. काळी तार ऋण टोकाला लावा. प्रथम बॅटरी मोजा. नंतर कलेक्टर. तेथे ४ ते ५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

तेथे पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर १० किलोओहममधून प्रवाहच वाहत नाही. ट्रान्झिस्टरचे पाय उलटे बसले असतील, किंवा बेसचा अथवा एमिटरचा जोड कच्चा असेल. ०.७ व्होल्टच्या आसपास दिसले तर ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा जास्त उघडला आहे. रेझिस्टरचे पट्टे पाहा: लाल-लाल-हिरवा म्हणजे २.२ मेगओहम, पण लाल-लाल-नारिंगी म्हणजे फक्त २२ किलोओहम! शून्य दिसले तर एक तर बॅटरीचे व्होल्ट तेथवर पोचत नाहीत, किंवा कलेक्टर व एमिटर एकमेकांना चिकटले आहेत.

व्होल्ट बरोबर, तरी आवाज नाही? मग संदेशाची वाट अडली आहे. ॲम्प्लिफायरच्या केबलच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. मित्राला गिटार छेडायला सांगा आणि कपॅसिटरच्या मोकळ्या टोकाने प्रथम बेस, मग कलेक्टर, मग डायोड असा माग घ्या. आवाज जेथे हरवतो, तेथेच किंवा त्याच्या अलीकडे दोष आहे. मात्र हे सर्व प्रयोग बॅटरीवरच करा, आणि विजेवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचे झाकण कधीही उघडू नका.

जानेवारीत गाते, मेमध्ये रुसते

आता आपल्या वऱ्हाडचा प्रश्न. समजा, अमरावतीच्या एका मुलाने जुन्या रेडिओतून काढलेल्या ए.सी. १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर ‘फझ फेस’ जोडला. जानेवारीतल्या गॅदरिंगमध्ये तो छान वाजला. मेमध्ये अकोल्याला एका लग्नात वाजवायला गेला, तर दुपारी मांडवात आवाज तुटू लागला आणि शेवटी बंद पडला. रात्री उशिरा घरी येऊन पाहतो, तर डबी ठणठणीत!

येथे एकही जोड सुटलेला नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये बेसला प्रवाह दिला नाही तरी थोडा प्रवाह गळत असतो, आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की ही गळती साधारण दुप्पट होते. गणित करून पाहू. ‘फझ फेस’मधील पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ किलोओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर सुमारे ७.५ व्होल्ट पडणे अपेक्षित असते. ओहमच्या नियमाने प्रवाह आला सुमारे २३० मायक्रोॲम्पियर. आपल्या ट्रान्झिस्टरची गळती २५ अंशांना ६० मायक्रोॲम्पियर आहे असे धरा. ३५ अंशांना ती १२० होईल आणि ४५ अंशांना २४०. म्हणजे गरजेचा सगळा प्रवाह एकट्या गळतीनेच खाल्ला! ट्रान्झिस्टरचा बेसवरील ताबा सुटला, आता गिटारचा संदेश कोण ऐकणार?

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवीन नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे तेथे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. उन्हात ठेवलेली पत्र्याची डबी तर हवेपेक्षाही तापते. सिलिकॉनची गळती इतकी क्षुल्लक असते, की वरील बीसी ५४८ची डबी ४५ अंशांनाही गात राहील. जर्मेनियमचाच स्वर हवा असेल, तर कमी गळतीचा नग निवडा आणि डबी सावलीत ठेवा.

गळती मोजणे अवघड नाही. ए.सी. १२८ हा पी.एन.पी. जातीचा आहे. त्याचा एमिटर ९ व्होल्ट बॅटरीच्या धन टोकाला जोडा, कलेक्टर १० किलोओहममधून ऋण टोकाला जोडा, आणि बेस मोकळा ठेवा. रेझिस्टरवर ०.६ व्होल्ट दिसले तर गळती ६० मायक्रोॲम्पियर. आता ट्रान्झिस्टर दोन बोटांच्या चिमटीत धरा. हिवाळ्यात आकडा चढताना दिसेल. पण हाच प्रयोग मे महिन्यात भर दुपारी, ४३ अंश तापलेल्या खोलीत केला, तर चिमटीत धरल्यावर आकडा चढण्याऐवजी उतरेल. असे का, हे मात्र तुम्हीच शोधा आणि वर्गात सांगा.