वसंतारंभीच्या रानफुलांचा शोध आणि त्यांची नावे

इंग्लंडमधील पानझडी अरण्यात वसंतारंभीची रानफुले शोधावयाची असतील, तर शोधकाने प्रथम वृक्षांकडे पाहिले पाहिजे. ओक, हेझल इत्यादी वृक्षांना पालवी फुटून छाया दाट होण्यापूर्वी काही आठवडे जमिनीवर भरपूर ऊन पडते. कंदांत अथवा भूमिगत खोडांत गतवर्षी साठविलेल्या अन्नाच्या बळावर अनेक लहान वनस्पती या अवधीत फुलतात, पुढील वर्षाची बेगमी करतात, आणि त्यांपैकी काही उन्हाळ्यातच भूमीवरून दिसेनाशा होतात. शोधाचा काळ असा अल्प असल्यामुळे फुलांच्या नावांतून काही मार्गदर्शन मिळते काय, हा प्रश्न भाषाभ्यासकालाही विचारार्ह वाटतो.

‘प्रिमरोज’ हे नाव मध्ययुगीन लॅटिनमधील ‘प्रिमा रोसा’, म्हणजे ‘पहिला गुलाब’, यावरून आले. ही वनस्पती गुलाबाच्या कुळातील नव्हे. परंतु ती लवकर फुलते हे खरे. आपल्याकडील ‘भुईचाफा’ या नावाची घडण अशीच आहे. हा चाफा नसून हळद-आल्याच्या कुळातील वनस्पती होय. मात्र पावसाळ्यापूर्वी, पाने येण्याआधीच, तिचे फूल थेट भुईतून वर येते. दोन्ही नावांत उत्तरपद केवळ साम्य सांगते. प्रत्यक्ष निरीक्षण पूर्वपदात आहे. शोधकाला उपयोग होतो तो पूर्वपदाचाच.

सर्वच नावे मात्र इतकी सरळ नसतात. ‘ॲनिमनी’चा संबंध परंपरेने ग्रीक ‘आनेमोस’, म्हणजे वारा, या शब्दाशी जोडतात. पण रानातील पांढरी ॲनिमनी उन्हात उमलते आणि ढगाळ हवेत किंवा रात्री मिटते. तिच्या शोधकाने वाऱ्याचा नव्हे, उन्हाचा दिवस निवडावा.

‘सेलन्डाइन’चे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. या नावाच्या मुळाशी ग्रीक ‘खेलिदोन’, म्हणजे भिंगरी पक्षी, हा शब्द आहे. भिंगरी आल्यावर फुलणारी आणि ती गेल्यावर सुकणारी वनस्पती, असे त्याचे स्पष्टीकरण प्राचीन ग्रंथकारांनी दिले, ते मोठ्या सेलन्डाइनविषयी. पुढे हेच नाव पिवळ्या फुलांच्या एका वेगळ्या, लहान वनस्पतीलाही मिळाले. ही लहान सेलन्डाइन फेब्रुवारी-मार्चमध्येच फुलू लागते. इंग्लंडात भिंगऱ्या बहुतांशी एप्रिलमध्ये येतात. नाव एका वनस्पतीवरून दुसरीवर गेले, परंतु त्यातील काळाची खूण तिला लागू पडली नाही. पक्ष्याची वाट पाहणाऱ्याचा बराचसा बहर हुकेल.

तात्पर्य, नाव ही सूचना होय; प्रमाण नव्हे. प्रमाण ठरते ती दिनांकित नोंद. अमेरिकेतील काँकर्ड येथे हेन्री डेव्हिड थोरो याने 1852 ते 1858 या काळात फुलण्याच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या. त्यांच्याशी अलीकडच्या नोंदी ताडून पाहता तेथील परिचित वनस्पती सरासरीने सात दिवस आधी फुलू लागल्याचे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. हा फरक कोणत्याही नावावरून कळला नसता. ऋतूच सरकू लागला, तर नावातील काळ मागे राहतो.

यास्तव रानफुलाचे स्थानिक नाव टिपताना त्याबरोबर स्थळ, तारीख आणि भोवतालच्या वृक्षांच्या पालवीची स्थिती यांचीही नोंद करावी. त्यायोगे वनस्पतिशास्त्राला साधन मिळेल आणि ते नाव का पडले, या प्रश्नाचा निर्णय करण्यास भाषाशास्त्रालाही आधार लाभेल.