रंग गेला, पण विष गेले का?

नवी सुती साडी पहिल्यांदा भिजवली की बादलीतले पाणी लाल होते. आपण ते मोरीत ओततो आणि विसरतो. परंतु ती साडी जेथे रंगविली गेली, तेथे अशा पाण्याचे पाट वाहत असतात. सुती कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांचा १० ते ५० टक्के भाग धाग्यावर न बसता पाण्यात जातो. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत हा प्रश्न पंचगंगेच्या काठच्या घरांपर्यंत पोहोचतो.

कापडरंगांतील सर्वांत मोठा गट अझो रंगांचा. नायट्रोजनच्या दोन अणूंमधील दुहेरी बंध हा त्यांच्या रंगाचा आधार. हवा खेळवलेल्या नेहमीच्या टाक्यांत तो सहजासहजी तुटत नाही. येथे जैवविद्युत-रासायनिक प्रणाली उपयोगी पडते. हिच्यात दोन विद्युताग्रे असतात. ॲनोडवर वाढणारे जिओबॅक्टरसारखे जिवाणू सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य खातात आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन विद्युताग्राला देतात. तारेतून ते कॅथोडवर पोहोचतात, तेथे रंगाच्या रेणूला मिळतात आणि तो बंध तुटतो. जिवाणूंचे बळ अपुरे पडल्यास बाहेरून थोडा विद्युतदाब दिला जातो. जिवाणूंपासून वीज मिळते, हे इंग्लंडमधील एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच दाखविले होते.

पाणी नितळ दिसू लागते. मात्र सावध राहायचे ते याच क्षणी. बंध तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाइन उरतात. त्यांना रंग नसतो, पण त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. १८९५ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगकारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याचे नोंदविले. त्यामागे हीच रसायने असल्याचे पुढे उघड झाले. म्हणून कॅथोडनंतर पाण्याला हवेशीर टाकीतून नेणे आवश्यक असते. तेथे दुसरे जिवाणू यांतील बऱ्याच अमाइनांचे विघटन करतात. हा दुसरा टप्पा गाळला, तर आपण केवळ डोळ्यांचे समाधान करतो. रंगवताना घातलेले मीठही या दोन्ही टप्प्यांत निघत नाही. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. विद्युताग्रांचा खर्च आणि त्यांवर साचणारा थर यांमुळे हे तंत्र अद्याप मुख्यत्वे प्रयोगशाळांत व लहान प्रकल्पांतच आहे.

तोवर आपण काय करावे? आपले घर रंगकामाच्या वस्तीजवळ असेल, तर विहिरीचे वा बोअरवेलचे पाणी रंगावरून पारखू नका. प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकळल्याने जंतू मरतात, पण रंग, अमाइन आणि क्षार जात नाहीत. तुरटीने गाळ बसतो. विरघळलेली अमाइन तशीच राहतात. घरी कापड रंगविताना हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नका. आपल्या गावात सांडपाणी प्रकल्पाची चर्चा निघाली, तर एक प्रश्न अवश्य विचारा : ‘रंग गेल्यावर मागे काय उरते, याची तपासणी होते का?’

निर्मळ पाणी आणि निर्धोक पाणी यांत अंतर आहे. ते ओळखणे ही कुटुंबाच्या आरोग्याची पहिली पायरी होय.